ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर बिघडलाय? घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्तीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन टीव्ही घेतला, मागे लाल-पांढऱ्या (म्हणजे आरसीए) पिनांची जागाच नाही, आणि जुना होम थिएटर किंवा अँप्लिफायर तर अजून ठणठणीत वाजतोय, मग आपण पाचशे-सातशे रुपयांचा तो तळहातावर मावणारा काळा डबा ऑनलाइन मागवतो. काही दिवस मस्त चालतो आणि एक दिवस गप्प. बरेचसे डबे न बिघडताच कचऱ्यात जातात, म्हणून खालचे प्रश्न त्याच क्रमाने लावलेत ज्या क्रमाने तपासायला हवं, आधी बाहेरचं सगळं आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

हा डबा आत नेमकं करतो काय?

टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून आवाज वायरने नाही तर प्रकाशाने बाहेर पडतो. आत एक लाल एलईडी असतो तो सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि त्या उघडझापीत शून्य-एकचा डेटा असतो. तोशिबाने हे कनेक्टर १९८३ मध्ये आणले म्हणून त्याला टॉसलिंक म्हणतात, आणि त्यातून जो डेटा जातो त्याची पद्धत सोनी आणि फिलिप्सची, म्हणून डब्यावर एसपीडीआयएफ असं छापलेलं दिसतं. डब्यात चार गोष्टी असतात बघा: प्रकाश पकडणारा काळा चौकोनी रिसीव्हर, त्या सिग्नलमधून क्लॉक आणि डेटा वेगळा करणारी एक आयसी (बऱ्याच डब्यांत सीएस८४१६), डेटाचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी दुसरी छोटी दहा पायांची डीएसी आयसी (सीएस४३४४ किंवा तिच्यासारखी), आणि या सगळ्यांना करंट देणारा पॉवरचा भाग. नवीन स्वस्त डब्यांत मधल्या दोन आयसी मिळून एकच असते, तरी काम तेच. फॉल्ट शोधायचा म्हणजे या चौघांपैकी कोण काम करत नाहीये एवढंच शोधायचं असतं.

डब्याचा लाइट लागतो पण आवाज अजिबात नाही. गेला का?

बहुतेक वेळा नाही. डब्यावरचा लाइट म्हणजे फक्त "मला पॉवर मिळतेय" एवढंच, आवाज मिळतोय असा त्याचा अर्थ नसतो, काही मोजक्या डब्यांतच सिग्नल नसला की लाइट मिचमिचतो.

पहिल्यांदा टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा आणि दोन गोष्टी बघा. एक, साउंड आउटपुट टीव्ही स्पीकरवर आहे की ऑप्टिकलवर, कारण काही टीव्ही ऑप्टिकल निवडल्याशिवाय तिकडे सिग्नलच सोडत नाहीत. दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे डिजिटल साउंड आउटपुट किंवा डिजिटल ऑडिओ फॉरमॅट नावाचं जे काही सेटिंग आहे ते ऑटो, डॉल्बी डिजिटल, बिटस्ट्रीम, पास थ्रू यांपैकी कशावर असेल तर ते पीसीएम (म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करा. आपला स्वस्तातला डबा फक्त दोन चॅनलचा पीसीएम समजतो. डॉल्बीचा डेटा दाबून बांधलेला असतो, तो उलगडायला वेगळा डिकोडर लागतो आणि तो या किमतीच्या डब्यात बहुधा नसतो. डॉल्बी आला की शहाणा डबा गप्प बसतो, बाकीचे त्या डेटालाच आवाज समजून कानठळ्या बसवणारी खरखर बाहेर काढतात. म्हणून तपासताना अँप्लिफायरचा व्हॉल्यूम आधी कमी करा, नाहीतर ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) उडायचा.

सॉफ्टवेअर अपडेटनंतर किंवा घरातल्या कोणीतरी टीव्ही रीसेट केल्यावर हे सेटिंग आपोआप परत ऑटोवर जाऊ शकतं. "काल चालत होता, आज बंद" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

साध्या चॅनलवर आवाज येतो, एचडी चॅनल लावलं की गायब होतो. हे काय?

वरचंच दुखणं. काही एचडी चॅनलचा आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये येतो, साध्या चॅनलचा बहुधा तसा येत नाही. तसंच ओटीटीवर एक सिनेमा वाजतो आणि दुसरा नाही असं होतं. टीव्हीत पीसीएम केलं तरी फरक पडला नाही तर सेट टॉप बॉक्सच्या किंवा स्टिकच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पण ऑडिओचा ऑप्शन असतो, तिथे पीसीएम किंवा स्टिरिओ करा. डब्याला यात हात लावायची गरजच नाही.

ऑप्टिकल केबल खराब आहे की डबा, कसं कळणार?

केबल टीव्हीला लावा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा. लाल ठिपका दिसला पाहिजे, अगदी ठळक. दिसत नसेल तर केबल काढून टीव्हीच्या सॉकेटमध्येच बघा लाल उजेड आहे का. सॉकेटमध्ये आहे आणि केबलच्या टोकाला नाही म्हणजे केबल गेली, किंवा टोकावरचं पारदर्शक प्लास्टिकचं टोपण तुम्ही काढलंच नाहीये. हसू नका, ते टोपण इतकं बारीक आणि काचेसारखं असतं की नवीन केबलवर लोकांना दिसतच नाही आणि ते तसंच घुसवायला बघतात.

केबलच्या आत साधारण एक मिलिमीटरचा प्लास्टिकचा धागा असतो. टीव्ही भिंतीला चिकटवताना केबल काटकोनात दुमडली की तो धागा आतून चिरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. प्लग एकाच बाजूने बसतो, वरचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात, उलटा ढकलला तर सॉकेटची झडप मोडते. नीट बसला की टक असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेला नाही.

ठिपका ठळक दिसतोय, पीसीएम आहे, लाइट पण लागतोय आणि तरी शांतता असेल तर मग संशय डब्यावर घ्या. त्याआधी डब्यावर ऑप्टिकल-कोअ‍ॅक्स (कोअ‍ॅक्स म्हणजे तोच डिजिटल सिग्नल प्रकाशाऐवजी वायरीने) असा सरकवायचा स्विच आहे का बघा, पुसताना हाताने सरकतो तो. आणि डबा नवीनच असेल तर त्यावर काय छापलंय ते वाचा, अगदी असाच दिसणारा उलट काम करणारा डबा पण मिळतो, अ‍ॅनालॉग टू डिजिटल. लाल-पांढऱ्या पिनांजवळ "इन" लिहिलं असेल तर चुकीचा आलाय, परत करा.

लाइटच लागत नाही.

अडॅप्टर बदलून बघा. या डब्यांबरोबर जो यूएसबीचा ५ व्होल्टचा अडॅप्टर किंवा नुसती वायर येते ती सगळ्यात रद्दी वस्तू असते. वायरीतलं तांबं इतकं कमी असतं की दोन-तीन महिन्यांत गोल पिनेच्या मुळाशी तुटते, पिन हलवून बघा, लाइट लागला-विझला तर वायर बदला आणि विषय संपवा.

मोबाइलचा कुठलाही बरा चार्जर चालतो, डबा फारसा करंट खात नाही. फास्ट चार्जर लावला तर जळेल का असं लोक विचारतात, तर नाही, साधी वायर लावल्यावर फास्ट चार्जर पण ५ व्होल्टच देतो, जास्त व्होल्टेज समोरच्याने मागितलं तरच मिळतं आणि हा डबा काही मागत नाही.

माझ्या डब्याला टाइप-सी आहे, मोबाइलच्या चार्जरला लावला की बंद, जुन्या चार्जरला लावला की चालू. भूत आहे का आत?

आहे, पैसे वाचवायचं भूत. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर आधी बघतो समोर कोणी आहे का, आणि ते कळायला डब्यातल्या सॉकेटच्या दोन पायांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. काही पैशांचे ते दोन रेझिस्टर कंपनी लावत नाही. मग चार्जरला वाटतं समोर कोणीच नाही आणि तो करंट सोडत नाही. उपाय सोपा, एका बाजूला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी अशी केबल वापरा. बारीक सोल्डरिंगचा हात असेल तर रेझिस्टर लावता येतात पण उगाच कशाला.

चुकून सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावला. आता?

हा खरा मारेकरी. बऱ्याच सेट टॉप बॉक्स आणि वायफाय राउटरचे अडॅप्टर १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची गोल पिन बरेचदा आपल्या डब्यात अगदी छान बसते. टीव्हीच्या मागे अंधारात चार सारख्या पिना लोंबत असतात, साफसफाई झाली की कुठली कुठे जाते ते कळत नाही.

लगेच काढला असेल तर आशा सोडू नका. आतमध्ये ५ चे ३.३ व्होल्ट करणारा जो रेग्युलेटर असतो, बहुधा एएमएस१११७, तो १५ व्होल्टपर्यंत इनपुट सहन करतो, त्यामुळे त्याच्या मागे असलेले पार्ट वाचू शकतात. पण जे थेट ५ व्होल्टवर बसलेले असतात ते जातात. सीएस४३४४ ची सहन करायची हद्द ६ व्होल्ट आहे. ऑप्टिकल रिसीव्हर पण बऱ्याच बोर्डांवर थेट ५ वरच असतो. म्हणून अशा डब्याला कोअ‍ॅक्सने सिग्नल देऊन बघा (डीव्हीडी प्लेअरला किंवा काही सेट टॉप बॉक्सला मागे तो असतो). कोअ‍ॅक्सवर वाजला म्हणजे फक्त रिसीव्हर गेलाय आणि तो बदलता येतो. कशावरच वाजत नाही आणि आयसीवर बोट ठेववत नाही इतकी गरम होतेय, तर सोडून द्या.

आणि आजच सगळ्या अडॅप्टरच्या पिनांना कागदी टेप गुंडाळून त्यावर व्होल्ट लिहून ठेवा.

स्पीकरमधून सतत घुं असा आवाज येतो.

ऑप्टिकलचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यात वायरीचा संबंधच राहत नाही, प्रकाशातून वीज जात नाही, त्यामुळे टीव्हीच्या केबलमधून, डिशच्या वायरीतून आलेली घुंघुं अँप्लिफायरपर्यंत पोचत नाही. आणि मग आपण काय करतो, डब्याला पॉवर द्यायला टीव्हीच्याच मागचा यूएसबी वापरतो. झालं, जो संबंध तोडला होता तो ग्राउंडच्या वायरीने परत जोडला.

तपासायला पॉवर बँक घ्या. डब्याला पॉवर बँक लावल्यावर घुं गेलं तर डबा निर्दोष आहे, वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या आणि तो शक्यतो बरा द्या, भिकार चार्जरची स्वतःची पण एक बारीक सुंई असते. पॉवर बँकवर पण घुं येतंय तर डब्याच्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना काढा. तरीही चालूच आहे म्हणजे तुमची आरसीए केबल किंवा अँप्लिफायर. केबलवरची जाळी पिनेच्या आत तुटली की असंच होतं, दुसरी केबल लावून बघा.

एक मात्र करू नका, घुं घालवायला अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायची किंवा दोन पिनांच्या प्लगमध्ये घुसवायची हा सल्ला काही मेकॅनिक देतात. आवाज जातो खरा, पण आत कधी फेज बॉडीला लागली तर शॉक तुम्हाला बसणार.

मध्येच आवाज कट होतो, दोन सेकंदांनी परत येतो.

चॅनल बदलताना किंवा जाहिरात सुरू होताना कट होत असेल तर तो फॉल्ट नाही. सिग्नलचा प्रकार किंवा वेग बदलला की डबा नव्याने लॉक करतो, तेवढा वेळ जातो, काही डब्यांत टप असा आवाज पण येतो.

पण एकाच कार्यक्रमात मध्येमध्ये होत असेल तर दोनच मुख्य संशयित. ऑप्टिकल केबल ढिली आहे किंवा सॉकेटमध्ये धूळ आहे (ब्लोअरने हवा मारा, काडी घालू नका), नाहीतर व्होल्टेज पडतंय. त्या एएमएस१११७ ला ३.३ द्यायला आपल्या इनपुटला निदान सव्वा व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे साधारण साडेचारच्या खाली गेलं की तो डगमगायला लागतो. टीव्हीच्या यूएसबीला हार्ड डिस्क पण लावलेली असेल आणि वायर लांब, बारीक असेल तर ५ चे साडेचार सहज होतात.

अर्ध्या-एक तासाने गरम झाल्यावरच कट होतो आणि थंड झाल्यावर परत चालतो, असं असेल तर मात्र आत ड्राय सोल्डर (सुटलेला सोल्डरचा सांधा) किंवा दमलेला कपॅसिटर. डबा कोमट लागणं नॉर्मल आहे.

एकाच स्पीकरमधून आवाज येतो.

डब्याच्या बाजूने लाल आणि पांढरी पिन अदलाबदल करा. बंद बाजू बदलली म्हणजे फॉल्ट डब्यात किंवा त्याच्या सॉकेटमध्ये, नाही बदलली तर केबल किंवा अँप्लिफायरमध्ये. एवढ्या टेस्टला काही लागत नाही आणि तरी लोक ही करत नाहीत.

डब्यात असेल तर बहुतेक वेळा आरसीए सॉकेटचा सोल्डर तडकलेला असतो, जड केबल सारखी काढघाल केल्यामुळे. उघडून सॉकेटच्या पायांना नवीन सोल्डर मारा, संपलं. हेडफोनचं ३.५ चं सॉकेट पण असलेल्या काही डब्यांत त्या सॉकेटमधल्या पत्र्या वाकून राहतात, त्यामुळे पण एक बाजू जाते, हेडफोनची पिन चार वेळा घालून-काढून बघा.

आवाज येतो पण पातळ, बेस गायब.

आउटपुटला असलेला कपलिंग कपॅसिटर सुकला की असं होतं, तो जाड आवाज अडवतो आणि बारीक जाऊ देतो. एकाच बाजूला असेल तर हमखास हाच. दोन्ही बाजूंना असेल तर आधी टीव्हीतला "स्पष्ट आवाज", "डायलॉग" वगैरे मोड बंद करा, आणि अँप्लिफायरच्या टोनच्या बटणांकडे पण एकदा बघा.

टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही.

बहुतेक टीव्ही ऑप्टिकलमधून ठरलेल्या एकाच पातळीचा आवाज सोडतात. अँप्लिफायरचा रिमोट वापरा, किंवा रिमोटवाला डबा मिळतो तो घ्या.

ओठ आधी हलतात आवाज नंतर येतो, किंवा उलट.

हा डबा स्वतः जवळजवळ काहीच उशीर करत नाही, त्याला दोष देऊ नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो मिलिसेकंदात, आवाज पुढे पळत असेल तर वाढवा, मागे राहत असेल तर शून्य करा.

डबा उघडणं सेफ आहे का? काय काय सामान लागेल?

डब्यात फक्त ५ व्होल्ट असतात त्यामुळे शॉकची भीती नाही. पण त्याचा अडॅप्टर, टीव्ही आणि अँप्लिफायर उघडू नका, तिथे घरची २३० व्होल्टची लाइन आहे, शिवाय आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावर पण चार्ज धरून बसतात. डबा उघडताना सगळ्या केबली काढा, अँप्लिफायरची सुद्धा.

सामान म्हणजे छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटचा सोल्डरिंग गन (गन म्हणतात पण असतो पेनसारखा), ६०-४० चा बारीक सोल्डर वायर, फ्लक्स, सोल्डर काढायची तांब्याची जाळी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं आणि सुटे पार्ट पण मिळतात. स्क्रू दिसत नसतील तर रबरी बुटांखाली बघा, अॅल्युमिनियमची बॉडी असेल तर पिनांच्या बाजूची पट्टी काढली की आतला बोर्ड सरकून बाहेर येतो. चाकू घालून उचकटायची गरज पडत नाही.

मल्टिमीटरने कुठे काय मोजायचं?

आधी पॉवर न देता. मीटर बीपवर ठेवा आणि गोल पिनेच्या सॉकेटच्या प्लस-मायनसमध्ये लावा. क्षणभर बीप होऊन थांबला तर तो कपॅसिटर चार्ज होतोय, चांगलं लक्षण. सलग बीप म्हणजे शॉर्ट, पॉवर देऊ नका.

मग पॉवर द्या आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या पत्र्याला लावून ठेवा, ते ग्राउंड असतं. लाल पिनेने आता आतल्या दिशेने जायचं.

सॉकेटवर ४.७५ ते ५.२५ मध्ये काहीतरी हवं. नसेल तर वायर किंवा अडॅप्टर. सॉकेटवर आहे पण पुढे बोर्डावर नाही तर मध्ये एक डायोड किंवा बारीक फेराइट असतं ते तुटलंय किंवा सॉकेटचा पाय सुटलाय.

पुढे रेग्युलेटर. एएमएस१११७ ला तीन पाय आणि वर एक रुंद पत्रा. मजकूर सरळ वाचता येईल आणि तीन पाय खाली अशा स्थितीत डावीकडून ग्राउंड, आउटपुट, इनपुट, आणि वरचा रुंद पत्रा पण आउटपुटच. इनपुटला ५ आणि आउटपुटला ३.३ पाहिजे. ५ आहे पण ३.३ च्या जागी १ किंवा अर्धा व्होल्ट येतोय तर दोन शक्यता, रेग्युलेटर गेलाय किंवा पुढची कुठली तरी आयसी शॉर्ट होऊन त्याला खाली ओढतेय. बोट लावून बघा कोण तापतंय, जो तापतोय त्याच्यावर संशय. फक्त रेग्युलेटर कडकडीत तापत असेल तर लगेच तो बदलून खूश होऊ नका, आधी पॉवर काढून त्याच्या आउटपुट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट तपासा, पुढे शॉर्ट असेल तर नवा पण तसाच तापणार.

आता ऑप्टिकल रिसीव्हर. त्याला तीन पाय, एक पॉवर, एक ग्राउंड, एक डेटा. कुठला कुठे हे कंपनीप्रमाणे बदलतं म्हणून आधी ग्राउंड बीपने शोधा, मग पॉवरचा. पॉवर येत असेल तर टीव्ही चालू ठेवून, केबल लावून डेटाच्या पायावर डीसी मोजा. इथे एक छान गंमत आहे, एसपीडीआयएफमध्ये सिग्नल अशा पद्धतीने बांधलेला असतो की वर आणि खाली राहायचा वेळ सारखाच भरतो, त्यामुळे साध्या मीटरला पण त्याची सरासरी दिसते, पॉवरच्या साधारण निम्मी. ५ व्होल्टच्या रिसीव्हरवर अडीचच्या आसपास, ३.३ च्यावर दीड-पावणेदोन. केबल काढली की हा आकडा बदलला पाहिजे. केबल लावा-काढा आकडा ढिम्म हलत नाही आणि केबलचा ठिपका ठळक आहे, तर रिसीव्हर गेला. ऑसिलोस्कोप नसताना एवढी खात्रीची टेस्ट दुसरी नाही.

शेवटी डीएसी आयसी. तिच्या आवाजाच्या दोन्ही पायांवर सिग्नल नसताना पण पॉवरच्या निम्म्याच्या आसपास डीसी असतं आणि कपलिंग कपॅसिटरच्या पलीकडे, म्हणजे आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेवर, शून्य असतं. (काही आयसी थेट ग्राउंडभोवती आउटपुट देतात, तिथे दोन्हीकडे शून्यच दिसेल, म्हणून आयसीवर छापलेला नंबर आधी वाचा.) सॉकेटवर सलग व्होल्ट-दीड व्होल्ट डीसी दिसत असेल तर कपॅसिटर लीक आहे, तो अँप्लिफायरला लावू नका.

यातलं घरी काय बदलता येतं?

आरसीए सॉकेट, पॉवरचं सॉकेट, उभे गोल कपॅसिटर, रेग्युलेटर आणि ऑप्टिकल रिसीव्हर. कपॅसिटर बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाला घ्या, बाजूची पट्टी म्हणजे मायनस. वरून फुगलेला दिसला तर बदलाच, पण न फुगता सुद्धा आतून सुकतात. रिसीव्हर काढताना तिन्ही पायांवर आधी नवीन सोल्डर घाला मग जाळीने ओढून घ्या, ओढाताण केली तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलून येते, आणि नवा आणताना जुना बरोबर न्या, पायांचा क्रम आणि व्होल्ट जुळला पाहिजे.

मोठी अठ्ठावीस पायांची आयसी घरच्या गनने बदलायच्या फंदात पडू नका. हॉट एअर लागतं, आणि आयसी आणायला जाण्यायेण्यातच नव्या डब्याचे पैसे होतात.

पावसाळ्यात दरवर्षी त्रास देतो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांचं हे नेहमीचं. दमट खारट हवेने पिनांवर हिरवट-पांढरं साचतं आणि बोर्डावर धुतला न गेलेला फ्लक्स असेल तर तो ओल धरतो. अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासा, पूर्ण वाळू द्या, मगच पॉवर. घासताना ऑप्टिकल सॉकेटच्या तोंडात अल्कोहोल जाऊ देऊ नका. मुंग्या निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका, त्यांना कोमट जागा आवडते.

दुरुस्त करू की नवीन घेऊ?

माझं स्पष्ट मत, वायर, सॉकेट, कपॅसिटर, रेग्युलेटरपर्यंत दुरुस्त करा, रिसीव्हर मिळाला तर तो पण. आयसी गेली तर नवीन घ्या. दुकानात दुरुस्तीला देऊ नका, मजुरीच डब्याएवढी होते आणि बहुतेक जण हातात पण घेत नाहीत. वॉरंटी असेल तर स्क्रूला हात न लावता आधी बदलून मागा.

नवीन घेताना ३२, ४४.१, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झ चालतं एवढं लिहिलेलं पुरे, टीव्हीचा आवाज ४८ लाच असतो, १९२ वगैरे आकड्यांसाठी जास्त पैसे देऊ नका. डॉल्बी डिजिटल उलगडणारा हवा असेल तर तसं ठळक लिहिलेला महाग डबा वेगळा मिळतो, पण टीव्हीत पीसीएमचा ऑप्शन असेल तर लागत नाही. आणि टीव्हीला ऑप्टिकलच नसून फक्त एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर देणारं सॉकेट) असेल तर हा डबा चालणारच नाही, एआरसीमधून आवाज काढणारा वेगळा येतो.

मेलेला डबा ओल्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि द्यायच्या आधी त्याची चांगली सॉकेटं काढून ठेवा.

नवीन येईपर्यंत टीव्हीचा आवाज होम थिएटरवर कसा आणू?

टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर ३.५ टू आरसीए केबल लावा, शंभर-दीडशेला मिळते. टीव्हीचा व्हॉल्यूम साधारण पाऊण ठेवा आणि बाकीचा अँप्लिफायरने वाढवा. यात टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, आणि खरं सांगायचं तर साध्या होम थिएटरवर बऱ्याच जणांना फरक कळत पण नाही. हेडफोनचं नसेल तर सेट टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढऱ्या पिना किंवा एव्हीचं भोक आहे का बघा, तिथून थेट अँप्लिफायरला लावता येतं, फक्त मग टीव्हीतल्या ओटीटीचा आवाज त्यातून येणार नाही.